कोऱ्या काचेचा टीबी

आमच्या नागपूरच्या रामदासपेठेतल्या इमारतीत मला सगळे डॉक्टर मॅडम म्हणतात, पण कुणी लिफ्टमध्ये गाठून खोकल्याचं औषध विचारलं की माझी पंचाईत होते. मी त्यातली डॉक्टर नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. मग कोणत्यातल्या, असं विचारतात. पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की चेहरा पडतो. म्हणजे रक्त काढणाऱ्या का? नाही, रक्तही मी काढत नाही. ते दुसरं कुणीतरी काढतं, तिसरं कुणीतरी काचेवर पसरतं, आणि मी फक्त त्या काचेकडे बघून काय दिसलं ते सांगते. एवढं होईपर्यंत बहुधा त्यांचा मजला येतो.

सगळं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं. लग्न केलं नाही. त्यामागे काही दर्दभरी कहाणी वगैरे नाही. जमलं नाही, आणि मग जमवायचं वय निघून गेलं. आई होती तोवर घरात बोलणं होतं, भांडण होतं, टीव्हीचा आवाज होता. ती गेली आणि पाठोपाठ मी रिटायर झाले. नंतर असे दिवस येऊ लागले, की संध्याकाळी कुणाचा फोन आला तर माझा आवाज घोगरा निघायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. समोरचा विचारायचा, झोपल्या होत्या का? मी हो म्हणायची. मला त्या काळात फार एकटं वाटायचं. ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण मी सगळ्यांना कडक बाई म्हणून माहीत होते आणि ती ओळख मी स्वतःच मेहनतीनं कमावली होती.

त्यामुळे शहराबाहेरच्या हिंगण्यात, कारखान्यांच्या वस्तीत असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यातून निरोप आला, की आमच्याकडे काचा बघणारे डॉक्टर पुण्याला मुलाकडे राहायला गेलेत, तुम्ही आठवड्यातून दोनदा याल का, तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. उन्हाळा ऐन भरात आला होता. घरचे म्हणावे असे जे दोन-चार लोक आहेत त्यांनी फोनवर सांगितलं, या वयात कशाला दगदग. मी म्हटलं, दगदग नसली की काय होतं ते बघून झालंय माझं.

दवाखान्याची लॅब म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज, रंगांच्या बाटल्या, हात धुवायचं सिंक आणि खिडकीत बसवलेला भला मोठा कूलर. नागपुरात उन्हाळ्यात खोली कुणाचीही असो, ती कूलरचीच असते. तो सुरू झाला की खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्यांचा वास भरून राहायचा आणि बोललेलं ऐकू यायचं नाही. लॅब सांभाळणारा टेक्निशियन मधल्या वयाचा, कमी बोलणारा, भयंकर टापटिपीचा माणूस. त्याला मी भाऊ म्हणायची. तो काचा अशा लख्ख करून ठेवायचा, की मी पहिल्या दिवशी त्याची चक्क स्तुती केली. माझ्या तोंडून हे फार कमी वेळा निघतं.

क्षयाचा जंतू काचेवर शोधायची पद्धत खूप जुनी आहे आणि मला ती अजून आवडते. गाठीतून सुईनं काढलेला थेंब, नाहीतर बेडका, काचेवर पसरायचा, वाळवायचा. त्यावर लाल रंग ओतून खालून गरम करायचं. पाण्यानं धुवायचं. मग आम्ल ओतायचं, की बाकी सगळं आपला लाल रंग सोडून देतं. हा जंतू तेवढा हट्टी, तो सोडत नाही. पुन्हा धुवायचं आणि वरून निळा रंग द्यायचा. निळ्या पसाऱ्यात लाल बारीक काडी दिसली की झालं. मोठ्या इस्पितळात या काचेच्या जोडीला दहा तपासण्या असतात, एक चुकली तर दुसरी सावरून घेते. हिंगण्याला काच म्हणजे शेवटचा शब्द. जंतू ओळखणारं मशीन शहरात होतं, पण तिथं नमुना पोचवायचा, तो उन्हात टिकवायचा, उत्तराची वाट बघायची. तोवर कामगार दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या खोलीत निघून गेलेला असायचा. म्हणून काचेवर लाल दिसलं की डॉक्टर गोळ्या सुरू करायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. वाट बघत बसलं तर माणूस हातचा जातो.

ती आली तेव्हा दुपार होती. बाहेर वरांड्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. दारात एक विशी-पंचविशीची बाई उभी, ओढणीनं तोंड बांधलेलं. मला वाटलं चुकून आली. लॅबमध्ये पेशंट येत नाहीत. त्यांचं काम खिडकीशी संपतं.

"काचा पायणारे डॉक्टर इथंच बसते का?" तिनं विचारलं.

"ते गेले. आता मी बघते."

"मंग तुमीच सांगा. त्यायनं माह्या गाठीत काय पायलं?"

मी जरा फटकळपणे म्हटलं, की रिपोर्ट मिळाला असेल, तो वरच्या डॉक्टरांना दाखव. ती हलली नाही. तिनं तोंडावरची ओढणी सोडली आणि उभ्याउभ्याच सांगत सुटली. मानेला मागून गाठ आली होती. इथंच सुई टोचली. टीबी निघाला. तिला खोकला नव्हता, ताप नव्हता, भूक व्यवस्थित होती. ती आणि नवरा दोघं हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला. ती पॅकिंगला, तो मशीनवर. खोली भाड्याची. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात सासू कळमेश्वरकडच्या गावाहून आली आणि तिच्या लहान मुलीला घेऊन गेली. मुलगी दोन वर्षांची, अजून अंगावर पीत होती. थोड्या दिवसांनी नवराही ड्यूटी संपली की मोटरसायकल काढून गावीच जायला लागला. म्हणे पोरगी रडते.

"मी इकडं एकटीच राहून राहिली," ती म्हणाली. "गोया घेते, स्वयंपाक करते, जेवते, झोपते. कोणी बोलत नाही. मालकीण बाई बी दुरूनच पाणी भर म्हणते."

हे वाक्य तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. मला मात्र ते नेमकं लागलं. मी खुर्ची पुढं केली आणि तिला बस म्हटलं.

ती बसली नाही. म्हणाली, "मले पाहू द्या मॅडम. ज्याच्यापायी माही पोरगी नेली, थे मले माह्या डोयानं पाहू द्या."

इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. विद्यार्थ्यांना काचा दाखवल्या, परीक्षकांना दाखवल्या. ज्याची काच त्याला कधीच दाखवली नाही. तसा प्रसंगच येत नाही. मी भाऊला तिची काच काढायला सांगितली. त्याच्या टापटिपीमुळे ती लगेच सापडली, आणि सोबत त्याच गाठीची रंग न दिलेली दुसरी काचही, कारण सुई टोचल्यावर तो नेहमी एक काच शिलकीत ठेवायचा.

मी आधी स्वतः बघितलं. लाल काड्या होत्या. चांगल्या ठसठशीत, शंकेला जागा नाही. मला वाईट वाटलं. मनात कुठंतरी मी तिच्या बाजूनं झाले होते. मी सरकले आणि तिला म्हटलं, एक डोळा मिटून बघ. तिनं वाकून बघितलं.

"लाल लाल काड्या आहेत?"

"हो."

"एवढ्याशा?" ती म्हणाली. "मले वाटलं, मोठं काही असन."

मग तिनं विचारलं, की यात मी कुठं आहे? तिला म्हणायचं होतं, की तिच्या गाठीचा भाग कुठला. मी म्हटलं, थांब, तुझ्या पेशीही दाखवते, त्या निळ्या. आणि तिच्यासाठी निळ्या पेशी स्पष्ट करायला मी बारीक चक्र फिरवलं. पेशी स्वच्छ झाल्या आणि लाल काड्या पुसट झाल्या. उलटं फिरवलं, तर काड्या धारदार आणि पेशी धुक्यात. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. दोन्ही एका वेळी दिसतच नव्हतं.

 गाठीत जंतू असेल तर तो पेशींमध्ये असतो, त्यांच्याच पातळीवर. हे जंतू पेशींच्या वर होते. वरून येऊन बसलेले. मी काच सरकवली आणि जिथं पेशींचं नावही नव्हतं, नुसती मोकळी काच होती, तिथं गेले. तिथंही ते होते, मजेत पसरलेले. आणि पेशी नीट बघितल्या तर त्या अगदी साध्या, कुठल्याही गाठीत चिडलेल्या दिसतात तशा. क्षयात जो मेलेल्या पेशींचा चुरा आणि जे पुंजके दिसतात त्यातलं काही नाही.

"तुला गाठ आली तेव्हा डोक्यात काही झालं होतं का?" मी विचारलं.

"हाव. केसात गळू झालते. उन्हाचे. काहून?"

मी तिला काही सांगितलं नाही. खात्री नसताना बोलायचं नाही, ही माझी सवय आहे आणि त्या वेळी ती फार जड गेली. गोळ्या बंद करू नको, पुढच्या खेपेला ये, एवढंच म्हटलं. ती जाताना मागं वळून मायक्रोस्कोपकडे बघत गेली, जसं कुणी ओळखीचं मागं राहिलंय.

ती गेल्यावर मी भाऊला कूलर बंद करायला लावला, कारण मला ओरडायचं नव्हतं आणि कूलर चालू असताना सगळं ओरडूनच बोलावं लागतं. मी विचारलं, काचा कशानं धुता? तो म्हणाला, पाण्यानं. कुठल्या? त्यानं खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाला, "नळाचं पाणी टाकीतून येते नं मॅडम. उन्हाचं थे हाताले चटके देते. तसं पाणी काचेवर टाकलं तं वरचा थरच निघून जाते. म्हणून मी मार्चपासून कूलरच्या टाकीतलं घेऊन राहिलो. थंडगार असते."

कुणालाही तेच सुचलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात थंड पाणी म्हणजे चांगलं पाणी. हे इथं लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. त्यानं ते कामचुकारपणानं केलं नव्हतं. काचा जपायच्या म्हणून केलं होतं. पण आठवडेच्या आठवडे साचलेल्या, खसच्या ताट्यांतून झिरपत फिरणाऱ्या त्या पाण्यात टीबीच्या जंतूचे दूरचे भाऊबंद सुखानं राहतात. माणसाला ते काही करत नाहीत. फक्त तेही तितकेच हट्टी असतात आणि लाल रंग सोडत नाहीत.

आम्ही एक कोरी, न वापरलेली काच घेतली. तिच्यावर कुणाचा थेंब नाही, काही नाही. नेहमीसारखा रंग दिला आणि कूलरच्या पाण्यानं धुतली. मग मी बघितलं, आणि उठून भाऊला बसायला सांगितलं. तो बराच वेळ डोळा लावून होता. कोऱ्या काचेला टीबी झाला होता.

त्यानं डोळे पुसले. घाम होता की दुसरं काही, मी विचारलं नाही. मी त्याला रागावले नाही. माझ्या हाताखालच्या लोकांना विचाराल तर ते सांगतील, की मी याहून कितीतरी कमी गोष्टींसाठी माणसांना रडवलंय. पण त्या दिवशी माझा सगळा राग दुसरीकडे होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. गोळ्या देणारे डॉक्टर बरोबर होते, काच बघणारे डॉक्टर काड्या दिसल्या म्हणून काड्या दिसल्या म्हणाले होते, धुणारा काळजीनं धूत होता. आणि हिंगण्यात एक बाई एकटी जेवत होती.

तिची शिलकीतली काच रंगवली आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतली, तेव्हा तिच्यावर एकही लाल काडी नव्हती. डोक्यातल्या गळवांमुळे आलेली ती गाठ तोवर जवळपास विरली होती. जी उरली होती तिच्यात पुन्हा सुई घालून थेंब शहरात मशीनकडे पाठवला. तिथूनही नाही असंच उत्तर आलं. छातीचा फोटो स्वच्छ होता. मग उन्हाळा लागल्यापासूनच्या सगळ्या लाल काचा आम्ही एकेक करून काढल्या आणि त्या माणसांना परत बोलावलं. आणखी काहीजण तिच्यासारखे निघाले. बहुतेकांचा रोग मात्र खराच होता. पेशींच्या मधोमध, जिथं असायला हवा तिथंच. खऱ्या रिपोर्टांवर मी सही करायची आणि बाजूला ठेवायची, तेवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

वरच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्या थांबवल्या. सांगायला मी स्वतः गेले. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. भांडायचा तिला पुरा हक्क होता. तिनं उरलेल्या गोळ्या माझ्यापुढं ठेवल्या. मग म्हणाली, "आता हे माह्या सासूले कोण सांगन?"

"नवा रिपोर्ट दाखव."

"पयला बी इथलाच होता नं मॅडम." आणि तिनं विचारलं, "तुमी येता का?"

माझ्या धंद्यात अशी विनंती येत नाही, त्यामुळे तिला नाही कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर येत्या रविवारी मला दुसरं कुठंही जायचं नव्हतं.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. कळमेश्वरच्या पुढं फाट्यावर उतरलो आणि संत्र्याच्या बागांच्या कडेनं चालत गावात शिरलो. रस्ताभर ती फारसं बोलली नाही. एकदाच म्हणाली, की नवऱ्याची आज ड्यूटी आहे, नाहीतर तो आला असता. मी बरं म्हटलं. दोघींनाही ते फारसं पटलं नव्हतं.

सासू दारातच होती. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर मोठं कुंकू. मला तिनं आदरानं आत घेतलं, गार पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. सुनेला ती म्हणाली, "बस वं तिकडं सावलीत," आणि सून सवयीनं बाहेरच्या ओसरीवर जाऊन बसली. चुलत भावंडांच्या घोळक्यातून एक लहान मुलगी बघत होती. कोण आलंय ते तिला कळलं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती हलली नाही. तिला येऊ नकोस असं इतक्यांदा सांगितलं गेलं असावं, की आता कुणी अडवायची गरज नव्हती.

मी सासूला सगळं समजावून सांगितलं. काच, रंग, कूलरचं पाणी. सोपं करून सांगायचा मी आटोकाट प्रयत्न केला. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं.

"कागदाचं काय बाई," ती शेवटी म्हणाली. "पयलाबी कागदच होता. तवा तुमी म्हणले आहे, आता म्हणता नाही. उद्या आणखी म्हणान आहे. माहा दीर ह्याच रोगानं गेला. त्याच्या मांडीवर खेयणारं त्याचं पोरगं बी गेलं. मी दोघायले हातानं आंघोय घातली. मी नाही चूक करत दुसऱ्या डाव."

 मी येताना मनात या बाईला चार शब्द सुनवायची तयारी करून आले होते. ते सगळे तिथंच वाळले. तिच्या जागी मी असते तर मीही पोरगी उचलून आणली असती.

मग जेवायची वेळ झाली. उन्हाळ्यातला पाहुणा, म्हणून सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या जाड शेवया, आणि आंब्याचा रस केला होता. मला आत पाट मांडला, समोर मोठं ताट. आणि मी बघितलं, की सुनेचं ताट बाहेर कट्ट्यावर ठेवलंय. एक वाटी, एक पेला, वेगळे, आणि तिच्याकडे न सरकवता मधे ठेवून सासू दोन पावलं मागं झाली. सुनेनं ते ओढून घेतलं आणि मान खाली घालून जेवायला लागली. मुलगी दारातून बघत होती.

मला राग आला. कुणावर ते आजही सांगता येणार नाही. मी उठले, बाहेर गेले आणि तिच्या शेजारी कट्ट्यावर बसले. गुडघे दुखले, कारण कट्टा बुटका होता. मी तिला म्हटलं, सरक जरा. आणि तिच्याच वाटीतला रस, तिच्याच ताटातले सरगुंडे खायला लागले. ती घाबरून थांबली. मी म्हटलं, तू खा ना, एकटीनं संपणार नाही मला.

सासू भांडं हातात घेऊन उभी होती. "बाई," ती हळू म्हणाली, "थे उष्टं आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि ताई, ऐका. गाठीतला टीबी असता तरी तो ताटातून लागत नाही. पोरीला जवळ घेतल्यानं लागत नाही. तुमचा दीर गेला तो छातीच्या टीबीनं, त्याला खोकला होता. हिला छातीचाही नाही आणि गाठीचाही नाही."

ती आत गेली. मला वाटलं, झालं, चिडली. मग आतून आवाज आला. मुलीचं लाडाचं नाव घेऊन ती म्हणाली, "जा वं. माय जेवून राहिली. जा तिच्याजवय."

मुलगी लगेच आली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली, मग भिंतीला घासत घासत सरकली आणि आईपासून हातभर अंतरावर थांबली. आईनं हात पुढं केला नाही; तिला बोलवायची तिची हिंमत होत नव्हती. शेवटी मुलीनंच ताटाकडे बोट दाखवलं. आईनं एक सरगुंडा रसात बुडवून तिच्या तोंडात घातला. मी दुसरीकडे बघितलं. मला रडायला येत होतं आणि अनोळखी लोकांच्या कट्ट्यावर बसून रडायचं माझं वय नव्हतं.

ऊन उतरल्यावर ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. मुलगी तिच्या कडेवर होती. अजून खांद्यावर डोकं टेकवत नव्हती, ताठच होती, पण उतरवून द्या म्हणत नव्हती. आम्ही बाभळीखाली एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. मी खुशीत होते. मला वाटत होतं, आपण आज आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरासारखं काहीतरी केलं.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"माहा रोग खरा असता, तं तुमी आल्या असत्या का?"

खोटं बोलता आलं असतं. तिला ते चाललंही असतं. पण तिनं मायक्रोस्कोपात बघितलं होतं, स्वतःची काच माझ्याबरोबर बघितलेलं ते एकच माणूस होतं, आणि तिच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"नाही," मी म्हणाले. "खरा असता तर मी सही करून काच ठेवून दिली असती. तू कोण, तेही मला कळलं नसतं."

तिनं मान हलवली. रागावली नाही. मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "मंग माही पोरगी तिथंच राह्यली असती."

एसटी आली. मी चढले आणि खिडकीत जागा मिळाली, पण गाडी हलली तरी बाहेर त्या दोघींकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.